डोमाजींचा ओटा

आमच्या घराची आणि सत्यशीलाबाईंच्या घराची कंपाउंडची भिंत एकच आहे. ती गेटापासून सरळ मागे जाते, कडुनिंबापाशी येऊन थांबते आणि त्याच्या पलीकडून पुन्हा सुरू होते. दारव्ह्यात हे ले-आऊट पडलं तेव्हा झाड आधीपासूनच होतं, चांगलं जाणतं होतं. ऐन हद्दीवर असल्यामुळे हे दोन प्लॉट कोणी घेईना. झाड जागा खातं, मुळं पाया उचलतात, पाला पडतो, अशी लोकांची शंभर कारणं. शेवटी दोन मित्रांनी ते घेतले. एक आमचे हे, वामनराव, कापूस संकलन केंद्रावरचे ग्रेडर. दुसरे डोमाजी, त्याच केंद्रावर काट्यावर वजन करणारे. झाडाखाली बसायला मिळेल म्हणून प्लॉट घेणारी माणसं मी तरी दुसरी पाहिली नाहीत.

बसायचे मात्र मनापासून. ऑफिस सुटलं की दोन खुर्च्या झाडाखाली यायच्या, एक आमच्या घरची, एक त्यांच्या घरची. दिवसभर कापूस पाहून आलेली माणसं संध्याकाळी पुन्हा कापसावरच बोलायची. मी आणि सत्यशीलाबाई एकमेकींकडे पाहून कपाळाला हात लावायचो. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मी घरी. पण भिंतीला झाडाएवढी फट असल्यामुळे भाजीची वाटी, वर्तमानपत्र आणि कागाळ्या, सगळं तिथूनच जा-ये करायचं. अशी वीसेक वर्षं गेली असतील.

मग दोन हजार चारचा तो हंगाम आला. भाव पडलेले, बोंडअळीने आधीच नागवलेलं, आणि केंद्राबाहेर गाड्यांची रांग पार आमच्या ले-आऊटच्या तोंडापर्यंत. माणसं बैलांसकट रस्त्यावर मुक्काम करून. कापसाची ग्रेड, म्हणजे पर्यायाने भाव, ठरवायचं काम ह्यांचं. वरून तोंडी सांगणं असायचं की हात आखडता ठेवा. हे गाडीतून मूठभर कापूस काढायचे, धागा ओढून पाहायचे, चिठ्ठीवर ग्रेड टाकायचे आणि मान खाली घालून आत निघून जायचे. ती चिठ्ठी उघडायची काट्यावर. म्हणजे ग्रेड उतरवायचे आमच्या ह्यांनी आणि त्यावरची बोलणी खायची डोमाजींनी. एका दुपारी असाच एक माणूस तोंडाला येईल ते बोलत असताना डोमाजी काट्याला टेकून खाली बसले, ते उठलेच नाहीत. यवतमाळला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या माणसाच्या चिठ्ठीवरची ग्रेड ह्यांनी टाकलेली होती. हे त्यांनी मला एकदा सांगितलं, त्यानंतर कधी नाही. सत्यशीलाबाईंजवळ तर एक अक्षर नाही. मी दोन-तीनदा म्हटलं, “जाऊन बोला त्याह्यच्याशी, मन मोकळं करा.” तर हे चप्पल घालून बाहेर पडायचे आणि भाजी घेऊन परत यायचे. आमच्या घरी त्या महिन्यात इतकी वांगी साठली की विचारू नका.

डोमाजींच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, आणि लगेच आमच्या दारात मुरमाची ट्रॉली येऊन पडली. ह्यांनी ओटा बांधायला घेतला. कडुनिंबाभोवती गोल, कमरेइतका उंच, आत मुरूम गच्च ठोकून भरलेला, वर शहाबादी फरशी थेट बुंध्याला भिडवून, फटीत सिमेंट. गवंडी एकच दिवस आला, बाकी सगळं स्वतः. ऑफिसात ज्यांनी कधी पाण्याचा ग्लास उचलला नाही ते घमेली उचलत होते. समोर संगमरवरी पाटी. आधी सवयीने ‘कैलासवासी’ करून आणलं, मग बौद्ध घरात तसं लिहीत नाहीत असं कोणीतरी सांगितल्यावर स्वतःच ओशाळले आणि ‘कालकथित डोमाजी यांच्या स्मरणार्थ’ अशी नवी पाटी करून घेतली. लोक पाहायला यायचे. मैत्री असावी तर अशी, म्हणायचे.

मी तेव्हाच बोलले होते. माझं माहेर संत्र्याच्या बागेतलं. संत्र्याच्या बुंध्याला पाणी आणि माती लागू द्यायची नसते, लागली की साल सडते आणि डिंक गळायला लागतो. माझे वडील पाणी द्यायच्या आळ्याच्या आत मातीची आणखी एक बांगडी घालायचे, खोड कोरडं राहावं म्हणून. आम्हा पोरांना सुट्टीत तेच काम असायचं, बुंध्याजवळची माती हाताने मागे ओढायची.

“खोड पुरू नका,” मी म्हटलं.

“कडुनिंब हाय तो, संत्रं नोहे,” हे म्हणाले. “सव्वा मानसाच्या कवेत येत नाई असा बुंधा. त्याले काय होते?”

सत्यशीलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्यासमोर, त्यांच्या नवऱ्याच्या नावाच्या ओट्यावरून मी काय वाद घालणार? मी गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही, त्यामुळे माझी ती गप्प बसण्याची पाळी मला चांगली लक्षात आहे.

मग सुरू झालं ओट्याचं धुणं. सकाळी शाळेत जाण्याआधी सत्यशीलाबाई एक बादली पाणी घालून तो झाडूने घासायच्या. संध्याकाळी आमचे हे एक बादली घालायचे. उन्हाळ्यात दारव्ह्याचे नळ कधी येतील ते नळालाच माहीत; घरात आम्ही भांडी राखेने पुसून ठेवायचो, पण ओट्याची अंघोळ चुकली नाही. फरशीचा उतार आमच्या बाजूला होता. दोन्ही बादल्यांचं पाणी आमच्याकडून बुंध्यालगतच्या फटीत मुरायचं. हे ओट्यावर बसायचे, एकटेच, पाटीकडे पाठ करून. बोलायचे नाहीत. सत्यशीलाबाई खिडकीतून पाहायच्या आणि त्याही बोलायच्या नाहीत.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरून फार लोक येत. गाड्यांतून उतरत, गावोगाव जात, किती शेतकऱ्यांनी जीव दिला ते विचारत आणि लिहून घेत. सकाळी वर्तमानपत्र उघडलं की पहिल्याच पानावर ओळखीच्या गावाचं नाव. मला वाटायचं, गेलेल्यांची मोजदाद करायला इतकी माणसं आहेत, पण मागे राहिलेली माणसं एकमेकांशी काय बोलत नाहीत ते विचारायला कोणी यायला हवं. आमच्या घरी आला असता तर मी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला असता.

झाडाने बोलून दाखवलं आधी. दुसऱ्या पावसाळ्यात फरशी आणि बुंधा यांच्या सांध्यातून कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या. ह्यांनी त्या उपटून फेकल्या आणि वर सिमेंट लिंपलं. पुढच्या चैत्रात सगळ्या दारव्ह्यातले कडुनिंब पालवले, फुलांनी रस्ते भरले, आणि आमच्या झाडाची अर्धी बाजू मात्र विरळ. खालून पाहिलं तर आभाळ दिसायचं. झाड मुळातच सत्यशीलाबाईंच्या घराकडे झुकलेलं, आणि मोठ्या फांद्याही तिकडेच, त्यांच्या मागच्या खोलीवर. त्याच खोलीत त्यांची मुलगी दीपा बाळंतपणाला येऊन राहिली होती. पाळणा अगदी फांदीखाली.

आमच्याकडे वैशाख सुरू झाला की दुपारी कधी वावधन उठेल याचा नेम नसतो. सकाळपासून अंगाची काहिली, वारा पडलेला, आणि तीन-चारच्या सुमारास आभाळ एका कडेने मातकट होत येतं. मग जे सुटतं ते टिना, कौलं, वाळत घातलेले कपडे, सगळं घेऊन जातं. त्या वर्षी पहिलंच वावधन जोरात आलं. मी दार लावून बसले होते तेवढ्यात कडकन आवाज झाला आणि पाठोपाठ पत्रे दबल्याचा. बाहेर येऊन पाहते तर मांडीएवढी फांदी सत्यशीलाबाईंच्या मोरीवर पडलेली. मोरीच्या टिना मधोमध वाकलेल्या. हात-दोन हात पलीकडे दीपाच्या खोलीचं छत.

कोणाला लागलं नव्हतं. दीपा बाळाला घट्ट धरून स्वयंपाकघरात उभी होती. सत्यशीलाबाईंनी काही आरडाओरडा केला नाही. पाळणा सोडला, ओढत नेला आणि स्वयंपाकघरातल्या हुकाला टांगला. एवढंच. आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आमचे हे बराच वेळ झाडाभोवती फिरले. मग आत येऊन म्हणाले, “आनखी एक थर चढवतो ओट्याचा. बुंध्याले आधार भेटल.”

माझा ताबा सुटला. “आधार? तुमाले कोनी गळ्यापर्यंत पुरलं तर आधार म्हनाल काय? कायले त्या झाडाच्या जिवावर उठून राह्यले तुमी?”

“शोभा, हळू बोल. वहिनी आयकतीन.”

“आयकू द्या.”

मी स्वयंपाकघरातला सराटा, भाकर उलथायचा तो, उचलला आणि ओट्यावर चढले. फरशी आणि बुंध्यामधलं सिमेंट उकललं होतं. त्या फटीत सराटा घातला. मला वाटलं होतं बोटभर जाईल. तो मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा, आणि बाहेर काढला तेव्हा काळ्या, ओल्या भुशाने माखलेला होता. वास आला. संत्र्याच्या बागेत सडलेल्या खोडाला येतो तोच वास, आंबूस, कुबट. मी सराटा ह्यांच्या नाकाशी धरला.

हे मटकन ओट्यावर बसले. तो भुसा बोटांत चुरून पाहिला. मग म्हणाले, “फांद्या सगळ्या उतरवून टाकू. नुसतं खोड ठिऊ. पन ओट्याले हात लावाचा नाई.”

“ओट्यानंच तर केलं हे.”

“वहिनीचं काय? रोज सकाळी धुते त्या. जीव हाय त्याह्यचा त्या ओट्यात. त्याह्यच्या डोळ्यासमोर डोमाजीच्या नावावर सब्बल मारू काय मी?” “येवढंच तर करता आलं मले.”

मला त्यांचा राग येत होता आणि कणवही येत होती. दोन्ही एकदम आलं की माणसाला काय करावं ते सुचत नाही. मी सराटा धुतला, पदर खोचला आणि भिंतीच्या फटीतून पलीकडे गेले.

सत्यशीलाबाई जवारीची भाकर थापत होत्या. डोक्यावर पाळणा टांगलेला, त्यात बाळ झोपलेलं. दीपा आतल्या बाजूला आडवी झाली होती. मी पाटावर बसले आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. “बाई, राग येऊ देऊ नका. झाड ओट्यापाई सडून राह्यलं. ओटा फोडा लागते.”

त्यांचा हात परातीत थांबला. मी मनाशी धरून बसले होते की आता डोळ्यांना पदर लागेल. त्या म्हणाल्या, “भाऊजीले काय वाटन?”

“म्हनजे?”

“म्हनजे ओटा फोडला तर भाऊजीले काय वाटन, येवढंच.” त्यांनी भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. “शोभाताई, खरं सांगू काय? मले तो ओटा कधीच नोता पाह्यजे. ह्यायले असल्या गोष्टी आवडत नोत्या. मानूस गेल्यावर त्याच्या नावानं दगड कायले, म्हनत. शाळेत एखांदं पुस्तक द्या म्हनत. पन भाऊजी मुरूम वाहून राह्यलते, घामानं निथळून राह्यलते. म्या म्हनलं, बांधू द्या. त्याह्यच्या मनाले तेवढंच बरं.”

“मंग रोज धुता काहून?”

“त्याह्यच्यासाठीच. संध्याकाळी येऊन बसते भाऊजी. धूळ दिसली तर म्हनतीन, वहिनीले कदर नाई.”

मला हसू फुटलं. काय करू, फुटलंच. तीन उन्हाळे ही दोन शहाणी माणसं एकमेकांचं मन राखायला बादल्या ओतत होती, आणि आम्ही भांडी राखेने पुसत होतो. मग हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं. सत्यशीलाबाईही हसल्या आणि त्यांची भाकर करपली.

“झाड खंगून राह्यलं ते दिसत नोतं तुमाले?” मी विचारलं.

“दिसत होतं. पाळना काहून हलवला मंग?”

“बोलल्या काहून नाई?”

“तुमी बोलल्या काय?”

मी करपलेली भाकर तव्यावरून काढली. त्यांनी गॅस बंद केला, हात धुतले आणि म्हणाल्या, “चला, मीच सांगते त्याह्यले.”

हे अजून ओट्यावरच बसलेले. सत्यशीलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या तसे उठून उभे राहिले. त्या म्हणाल्या, “भाऊजी, पाटी काढून द्या मले. अन् सब्बल आना.” हे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या पुन्हा म्हणाल्या, “माह्या नातवाचा पाळना होता त्या झाडाखाली. ओट्यापेक्षा झाड ठिवा.”

पाटी ह्यांनीच काढली, छिन्नीने, कडा न टवकू देता. सत्यशीलाबाईंनी ती आत नेली आणि बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, डोमाजींच्या फोटोशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. मग ह्यांनी सब्बल, ती लोखंडी पहार, हातात घेतली. पहिला घाव घालायला फार वेळ लावला. मी म्हणाले, “द्या इकडे.” तर नाही म्हणाले. एकदा सुरू केल्यावर मात्र थांबले नाहीत. स्वतःच ठोकून भरलेला मुरूम स्वतःच उकरत होते. पुढचे काही दिवस आमचं हेच चाललं. हे खणायचे, मी आणि सत्यशीलाबाई घमेली उचलून रस्त्याच्या खड्ड्यांत मुरूम टाकायचो. ले-आऊटमधले लोक येता-जाता थांबायचे. आधी बांधलं, आता फोडता, वामनराव बरे आहेत ना, असं एकाने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, “आता बरे हायेत.”

बुंधा मोकळा झाला तेव्हा आम्ही तिघंही वाकून पाहायला लागलो. जमिनीच्या वर हात-दीड हात साल ओल्या कागदासारखी सुटून येत होती. सड आमच्या बाजूने होती, जिकडे पाणी मुरलं त्या बाजूने. म्हणजे झाड झुकलेलं त्यांच्या घराकडे आणि पाय कुजलेला आमच्याकडचा. त्याला मागे ओढून धरणारी जी मुळं, तीच गेलेली. बुंध्याचा तिसरा हिस्सा तरी गेला होता. मी खुरप्याने कुजलेलं सगळं खरवडलं, कठीण, पिवळं लाकूड लागेपर्यंत. ती जागा उघडी ठेवली. वैशाखाचं ऊन एकदाचं कामाला आलं. चांगलं वाळल्यावर मोरचूद आणि चुना कालवून त्याचा लेप दिला, वडील द्यायचे तसा. पण मला संत्र्याच्या झाडांचं ठाऊक, एवढ्या मोठ्या कडुनिंबाचं नाही. हे झाड उभं राहील की नाही, ते मला सांगता येत नव्हतं.

फांद्या उतरवायला पूनमसिंगला बोलावलं. तो दिग्रसकडच्या एका तांड्यावरचा, झाडं तोडून लाकूड विकतो. त्याने बुंधा पाहिला आणि बंजारा रीतीने मला आई म्हणत लगेच म्हणाला, “याडी, पुरं काढून टाक. वावधनात हे टिकत नाई.”

“तुले लाकूड पाह्यजे,” मी म्हटलं.

“पाह्यजेच ना. पन टिकत नाई ते बी खरं हाय.” तो मोकळेपणाने हसला.

आणि आमचे हे एकदम म्हणाले, “पाडून टाका.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. ह्या झाडाची एक काडी कोणाला तोडू न देणारा माणूस. “पाडून टाका,” ते पुन्हा म्हणाले. “खाली लेकरू हाय. आनखी कोनाले काई झालं तर मले सोसनार नाई.”

पूनमसिंगने कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. सत्यशीलाबाई बुंध्याजवळ गेल्या, लेपाला हात न लावता दुसऱ्या बाजूच्या धडधाकट सालीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “आमच्याकडचं वजन उतरवा,” त्या म्हणाल्या. “सगळं. वरूनबी कमी करा. रोहिन्या जाऊ द्या. त्यात उभं राह्यलं तर राह्यलं. आभाळ भरून आलं का आमी शोभाताईकडे येऊन बसू.”

तसं ठरलं. पूनमसिंगने पहिली फांदी अशी तोडली की खाली लांबलचक ठुंठ राहिलं आणि साल सोलत गेली. मी खालून इतकी ओरडले की तो वर दोरीला धरून थांबला. मग मी सांगेन तिथे, फांदीच्या मानेशी, आधी खालून खाच आणि मग वरून घाव, असं एकेक उतरवलं. एक फांदी तरी त्याने माझा डोळा चुकवून स्वतःच्या मनाने तोडली आणि आम्ही पुन्हा भांडलो. संध्याकाळी झाडाकडे पाहवत नव्हतं. एवढा डेरेदार कडुनिंब, त्याचा नुसता टक्कल पडलेला सांगाडा उरला, तोही एका बाजूला झुकलेला. खाली पाल्याचा ढीग, आणि सगळ्या ले-आऊटमध्ये कडू वास.

मग आम्ही वाट पाहत बसलो. दुपारी आभाळाला जराही मातकट रंग चढला की दीपा बाळाला घेऊन आमच्याकडे यायची. दोनदा नुसती धूळ उडाली आणि गेलं. ह्यांची झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं. झाडाकडे पाहायचे नाहीत, पण खिडकीपासून हलायचेही नाहीत.

रोहिण्या लागल्या आणि ते आलं. त्या दुपारी पाखरं आधी गप्प झाली. पश्चिमेकडून असा काही अंधार आला की घरात दिवे लावावे लागले, आणि लावताच वीज गेली. पहिल्याच झोताने कोणाच्या तरी टिना उडून रस्त्यावर आदळत गेल्या. दीपाने बाळाला पदराखाली घेतलं. सत्यशीलाबाई तिच्या शेजारी पलंगावर बसून होत्या, हात मांडीवर, डोळे मिटलेले. हे खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभे. झाड मागे जायचं आणि पुढे यायचं. पुढे आलं की बुंध्यातून करकर आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, गेलं. सत्यशीलाबाईंचं आयुष्यभराच्या कमाईचं घर तिथे, झाडाच्या बरोबर वाटेत. एकदा इतकं वाकलं की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा पावसाने समोरचं काही दिसत नव्हतं.

पाऊस थोडा वेळ पडला आणि जसा आला तसा थांबला. झाड उभं होतं. रस्त्याच्या बाजूची एक लहानशी डहाळी तेवढी तुटून लोंबत होती. आम्ही सगळे बाहेर आलो. सत्यशीलाबाईंच्या घराची एक टीन हललेली नव्हती. मी झाडाला मनापासून शिवी दिली, आपल्या माणसाला देतात तशी. पूनमसिंगला निरोप धाडायला हवा, असंही मनात आलं.

सगळे हसत होते, हे सोडून. ओटा जिथे होता तिथे चिखलाचं गोल रिंगण झालं होतं. हे त्याच्या कडेला उभे राहून जमीन न्याहाळत होते. मग म्हणाले, “वहिनी, इथं लोखंडी कठडा करून घेतो. बुंध्यापासून दूर. जनावर येनार नाई, अन् त्याच्यावर आपली पाटी...”

“भाऊजी,” सत्यशीलाबाई म्हणाल्या, “आता काई बांधू नका.”

“मंग मी काय करू?”

हा प्रश्न त्यांनी इतक्या जोरात विचारला की दीपा दचकली. साठीला आलेला माणूस, धोतराच्या काठाला चिखल लागलेला, आणि प्रश्न लहान पोरासारखा. “मंग मी काय करू, वहिनी? त्या मानसाची ग्रेड म्या टाकली होती. त्या दिवशीची. चांगला कापूस होता तो. म्या उतरवली, अन् बोलला तो डोमाजीले. मी आत जाऊन बसलो होतो. मले आवाज येत होता.”

पागोळ्या गळत होत्या. मी सत्यशीलाबाईंकडे पाहायला भ्याले, हे मी कबूल करते.

“माहीत हाय मले,” त्या म्हणाल्या.

ह्यांनी मान वर केली.

“त्या हंगामात रोज येऊन सांगत हे मले, आज काय झालं, कोन काय बोललं. म्हनत, वामनच्या हातात काई नाई, वरून येते ते. मले शिव्या देऊन लोक मोकळे तरी होते, म्हनत. त्याले कोनी शिवीबी देत नाई. तो आतल्या आत कुढून मरन.” त्या थांबल्या. पदराने तोंड पुसलं. “रातच्याले तुमच्या खोलीतला लाइट चालू दिसला का हे आंगनात फेऱ्या मारत. मी म्हनो, झोपा आता. तर म्हनत, वामनचा लाइट बंद होऊ दे. तो बंद झाल्याबिगर हे कधी झोपले नाई, भाऊजी. शेवटच्या रातीबी नाई.”

आमचे हे त्या चिखलातच बसले. डोमाजी गेले तेव्हा रडले नव्हते, स्मशानातून आल्यावर रडले नव्हते. ओटा बांधत बसले होते. आता रडले. तोंड झाकून घेतलं नाही, कोण पाहतंय याची पर्वा केली नाही. सत्यशीलाबाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. “त्याह्यची आठवन आली का माह्याजवळ बोलत जा,” त्या म्हणाल्या. “मलेबी येते. घरात कोनाजवळ बोलू मी?”

मी चहा ठेवते म्हणून आत जायला निघाले होते. गेले नाही. साडी खराब होईल हे दिसत असूनही त्या दोघांच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने ह्यांनी नाक पुसलं आणि बोलायला सुरुवात केली, डोमाजी पहिल्या दिवशी केंद्रावर रुजू व्हायला आले तेव्हाचं काहीतरी. दोन वाक्यं झाली असतील, तर सत्यशीलाबाई मध्येच म्हणाल्या, “चूक सांगता तुमी, भाऊजी. मले त्याह्यनं येगळं सांगतलं होतं.” आणि दोघं तावातावाने भांडायला लागली.